सव्वा मूठ, सात वेळा

१६ जून, सोमवार

शाळा उघडली आणि दुसऱ्याच तासाला रक्त. नववी ब. यशने शेजारच्या पोराच्या पंजात कर्कटक खुपसलं, पार आत. कारण विचारलं तर म्हणे, "माझ्याकडे बघून हसला." हसला म्हणून! मी पंजा दाबून धरला, शांताराम नाना (शिपाई, शाळेहून जुने) हळद शोधायला पळाले. यश खिडकीबाहेर बघत उभा. डोळ्यांत पाणी नाही, भीती नाही, काहीच नाही.

मधल्या सुट्टीत हेडसरांनी बोलावलं. मला वाटलं यशचं. छे! संस्थेला नववीसाठी जादा अभ्यासक्रम हवाय. आधुनिक जगाचा इतिहास, तीस तासिका, शनिवारी दोन-दोन. "रेहाना मॅडम, तुम्हीच करा, तुमचं वाचन आहे." वाचन आहे म्हणजे गाढवावर आणखी एक गोणी. पण खोटं कशाला लिहू, आनंद झाला. एरंडोल ते जळगाव एसटीत उभ्याने आले, तिकिटाच्या मागे यादी केली. दोन महायुद्धं, बॉम्ब, वसाहती, फाळणी, खटले. घरी येऊन वाचली तर सगळी मारामारीच.

१९ जून, गुरुवार

हेडसर (हे.स.) म्हणाले, दीपाली आणि यश यांना एका गटात घालू नका. जसं काही मला ठाऊक नाही.

एकच आडनाव, एकच पणजोबा, वावरं लागून. मागच्या दिवाळीनंतर दीपालीच्या धाकट्या काकाने, गोकुळने, यशच्या वडिलांना, भिकाभाऊंना, बांधावर कुऱ्हाडीने तोडलं. भिकाभाऊंनी बांध कोरला म्हणून. हातभर जमीन, तीन घाव. यश तिथेच कापूस वेचत होता. त्याच्या सदऱ्यावर उडालेलं रक्त पंचनाम्यात आहे, असं नाना सांगतात. गोकुळ तेव्हापासून फरार. कोणी म्हणतं सुरत, कोणी म्हणतं शिरपूरच्या वर सातपुड्यात.

ती खिडकीकडे तिसऱ्या बाकावर, तो दाराकडे शेवटच्या. आधी एका ताटात जेवायची पोरं. आता तो वर्गात शिरला की ती वहीत डोकं घालते. आणि यांना मी जगातली भांडणं शिकवणार. शाबास.

२८ जून, शनिवार

ता. (तासिका) १ आणि २. पहिलं महायुद्ध. पुस्तकातल्यासारखी कारणं सांगायला लागले, वर्ग डुलक्या घ्यायला लागला. पुस्तक मिटलं. म्हटलं, ऐका, ही भाऊबंदकी होती. तीन मोठ्या साम्राज्यांचे राजे एकमेकांचे भाऊ लागायचे, एका मांडवात जेवलेले. चौथ्याच एका राजाच्या माणसाला गोळी लागली, त्याच्या बाजूने हा उठला, याच्या बाजूने तो, आणि चार वर्षं खंदक खणून एकमेकांना मारत बसले. दोन वावरं पुढे सरकायला हजारो माणसं. चिखलात पाय कुजायचे तेही सांगितलं. मेलेल्या सोबत्याच्या छातीवर पाय देऊन चढायचे तेही. वर्ग टक्क जागा.

मागून यश. "मॅडम, मग बांध कोणाचा होता?"

कोणी हसलं नाही. मी म्हटलं, शंभर वर्षं झाली, विद्वान अजून भांडतायत. तो म्हणाला, "म्हणजे फाशी कोणालाच नाही." आणि खाली बसला. तासभर मला त्याचा राग येत राहिला. राग त्याचा नव्हता हे आता लिहिताना कळतंय.

१३ जुलै, रविवार

धुळ्याला अम्मीकडे. गुडघे दुखतात, तोंड नाही दुखत. अभ्यासक्रमाचं सांगितलं तर म्हणाली, "पोरांना चांगलं काही शिकव की."

मग तिलाच विचारलं, त्या दिवसाचं. आमची गल्ली जळाली तो दिवस. मी सात वर्षांची. दाराला कुलूप, बाहेर लोखंडावर लोखंड वाजल्याचा आवाज, अब्बांच्या दुकानातल्या गाद्यांचा कापूस जळताना येणारा तो वास. अम्मी पलंगाखाली आम्हाला बोटं लावून मोजायची. एक, दोन, तीन. परत. एक, दोन, तीन. चौथा, भाईजान, सापडेना. तो न्हाणीतल्या टाकीत पाण्यात बसलेला, नाक तेवढं वर. मोजलं म्हणून कळलं. नाहीतर आम्ही मागच्या दाराने निघून गेलो असतो. आज अम्मी म्हणते, चौघंही पलंगाखालीच होतात, तुझं काहीतरीच. ती विसरली असेल. मी नाही विसरले.

तेव्हापासून मला मोजणाऱ्या माणसावर विश्वास. बाकीचे नुसते हंबरडे फोडतात.

१९ जुलै, शनिवार

ता. ७. बॉम्ब. शहराचा आधीचा आणि नंतरचा फोटो लावला. पायरीवर बसलेल्या माणसाची तेवढी सावली उरली, हे सांगितलं. मधल्या बाकावरून एक आवाज, "भारी!" डस्टर भिरकावलं. कानाजवळून गेलं, भिंतीवर पांढरा डाग. अर्ध्या इंचाने वाचला पोरगा आणि अर्ध्या इंचाने माझी नोकरी.

ते पोर वाईट नाही. त्यांना हे सगळं लांबचं वाटतं. जवळचं केल्याशिवाय शिरणार नाही. साधनं हवीत. कागद, साक्ष, पुरावा. इतिहास असाच बनतो हे त्यांच्या हातून करून घ्यायचं. यावर विचार करणे.

२८ जुलै, सोमवार

सुचलं. प्रत्येकाने एक पान लिहायचं. घरातला एक दिवस, पण साक्षीदार म्हणून. फळ्यावर नियम लिहिले.

वर तारीख. मग हजर कोण कोण, सगळ्यांची नावं. जे पाहिलं तेच, ऐकीव नको. "खूप", "भरपूर", "पुष्कळ" हे शब्द बंद. मोजा. किती भाकरी, किती माणसं, किती घाव. (घाव कशाला म्हटलं कोण जाणे. जिभेला हाड नाही.) आणि एकदा लिहिलेलं साधन फाडायचं नाही, खोडायचं नाही, बदलायचं नाही. जो साधन बदलतो तो इतिहासाचा खून करतो, असं टाळ्या घेणारं वाक्यही टाकून दिलं. टाळ्या मिळाल्या.

दीपालीने हात वर केला. जूनपासून पहिल्यांदा. "मॅडम, सणाचा दिवस चालेल? रविवारी आमच्याकडे कानबाई आहे." श्रावणातला खानदेशी देवीचा सण. म्हटलं, उत्तम.

४ ऑगस्ट, सोमवार

निम्मा वर्ग गैरहजर, गावात कानबाईची मिरवणूक. वाजंत्री शाळेवरूनच गेली. बायका डोक्यावर कानबाई घेऊन नाचत होत्या. भाऊबंदांच्या यंदा दोन कानबाया, दोन वेगळ्या वाटांनी. दर वर्षी एकच असायची म्हणे. पोलीस मधे उभे.

धुळ्याला शेजारच्या अक्का मला पुरणपोळी द्यायच्या, करंजी द्यायच्या, आजारी पडले तर मांडीवर घ्यायच्या. कानबाईच्या नैवेद्याचे रोट मात्र कधी नाही. मी हट्ट केला की म्हणायच्या, "बेटा, ते आमच्या घरच्यांनीच खायचं असतं." मी रुसायची.

६ ऑगस्ट, बुधवार

पानं आली. एक्केचाळीस. बरीचशी रडकी किंवा खोटी. एकाने आजोबांच्या मृत्यूला "खूप खूप खूप" लिहिलंय. एकीने बापाने आईला मारलेल्या थपडा मोजल्यात, अकरा. ते पान मी घडी घालून वेगळं ठेवलं, भिंतीवर लावायचं नाही. तिच्या आईला भेटायला हवं.

आणि दीपालीचं. हे जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"३ ऑगस्ट, रविवार. हजर: आजी, आई, काकू, मी. पुरुष सहा, म्हणजे आबा, पप्पा, मधले काका, त्यांचे दोन मुलगे आणि माझा भाऊ ओम. मोठे काका सुरतला असतात. ते या वेळी आले नाहीत, म्हणून त्यांची मूठ नाही. जो रोट खायला गावात नाही त्याची मूठ आमच्यात घालत नाहीत. सकाळी आजीने न्हाऊन गहू काढले. एका पुरुषामागे सव्वा मूठ. आजी नाव ओठातच घेते, आवाज करत नाही. मी शेजारी बसून मोजलं. सव्वा मूठ, सात वेळा. मग चक्की धुऊन घेतली आणि दळण आणलं. आजीने रोट केले. पहिल्या रोटाला तिचा हात भाजला. ती ओरडली नाही. रोट बाहेरच्याला देत नाहीत, मांजरालाही नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात ओततात. संध्याकाळी आजी देवीसमोर बसली. तिने चार वेळा डोळे पुसले. का ते मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही."

शेवटचं वाक्य वाचून खुर्चीतून उठले. चौदा वर्षांची पोर! नवऱ्याला, सलीमला, वाचून दाखवलं. तो गादीच्या खोळीला टाके घालत होता, म्हणाला, "बघ, तुझा जीव भांड्यात पडला." लाल पेनने शेरा दिला: उत्तम निरीक्षण. खाली सही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. पालक आले. व्हरांड्यात "साधनांची भिंत" केली, बारा पानं, मधोमध दीपालीचं. हे.स. खूश, मोबाईलवर फोटो काढत फिरत होते. संस्थेच्या लोकांनी वाचल्यासारखं केलं आणि जिलेबीकडे वळले.

यश एकटा बराच वेळ भिंतीपुढे. जिलेबी हातात तशीच. दीपालीचं पान वाचत होता. वाचता वाचता दुसऱ्या हाताची बोटं मुडपत होता, एकेक. परत उघडली, परत मुडपली. माझं मन भरून आलं. हे आडमुठं पोरगं भाऊबंदातल्या पोरीचं लिखाण वाचतंय, तेही मोजून! जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला. म्हटलं, काय रे, कसं लिहिलंय? तो म्हणाला, "बरोबर लिहिलंय, मॅडम." आणि जिलेबी माझ्या हातात देऊन गेला.

अभ्यासक्रम लागू पडतोय. हे.स.ना सांगितलं, पुढच्या वर्षी आठवीलाही सुरू करू.

१८ ऑगस्ट, सोमवार

गावात पोलिसांच्या दोन गाड्या. शाळा अकराला सोडली.

काल भर दुपारी गोकुळ सापडला. पोलिसांना नाही, भिकाभाऊंच्या दोघा भावांना. दीपालीच्याच मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत होता. दार कुदळीने फोडलं. पाय धरून ओढत नेला, त्याच बांधापर्यंत. लोखंडी पाईपने आधी गुडघे, मग कोपरं. मग कुऱ्हाडीचा दांडा तोंडात. आबा आडवे पडले तर त्यांचाही हात मोडला. नानांचा पुतण्या शेजारच्या वावरात फवारणी करत होता, त्याने पाहिलं. सांगताना त्याला दोनदा उलटी झाली. जिवंत आहे म्हणे अजून, जळगावला सिव्हिलमध्ये.

पोलीस नऊ महिने शोधत होते आणि हा घरापासून हाकेच्या अंतरावर. यांना कसं कळलं, हाच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी. मीही विचारला. एसटीत, मोठ्याने, चारचौघांत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शाळा रिकामी. नाना व्हरांडा झाडत होते. भिंतीपाशी थांबले. मला हाक मारली नाही, नुसता झाडू टेकवून उभे राहिले. मी गेले.

"मॅडम, हाई पान काढी ल्या."

का, म्हटलं.

त्यांनी दीपालीच्या ओळीवर बोट ठेवलं. "घरमा गडी किती? सहा. मुठी किती? सात. जो गावमा नही त्यानी मूठ नही, हाई बी पोरनी लिखेल शे." मग माझ्याकडे बघितलं, लहान पोराकडे बघावं तसं. "सातवा कोन, मॅडम?"

मी बोट लावून नावं मोजली. सहा आणि सात. पहिलीतलं पोर सांगेल. मी चारदा वाचलं, नवऱ्याला वाचून दाखवलं, लाल शेरा मारला, भिंतीवर मधोमध लावलं आणि भिकाभाऊंच्या पोराच्या पाठीवर शाबासकीचा हात ठेवला. मला त्यातली पोरगी दिसली, तिची वाक्यं दिसली. मूठ दिसली नाही. मोजा, मोजा म्हणून घसा फोडणारी मी एकटीच मोजायची राहिले.

पान काढून पर्समध्ये ठेवलं. टाचणी बोटात घुसली, बरं वाटलं.

२० ऑगस्ट, बुधवार

यश आला शाळेत. दोन्ही काका कोठडीत, घरी आई एकटी, आणि हा दप्तर घेऊन हजर. मी हजेरी घेत होते. त्याचा नंबर आला, "हजर" म्हणाला, नेहमीच्याच आवाजात. मी खुर्चीवरून उठले आणि शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले आणि मारलं. एक. मग दुसरी. त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली रडत होत्या.

तो रडला नाही. ओठ फुटला होता. म्हणाला, "तुम्हीच म्हणाल्या होत्या, मोजा."

अकरा वर्षांत पोरांवर हात उचलला नव्हता. हात अजून झिणझिणतोय. आणि वाईट याचं वाटतंय की मारताना बरं वाटलं. ते दोघे भाऊ बांधावर पाईप घालताना त्यांनाही असंच वाटलं असणार. ता. १ ते २० मध्ये हे मी कुठेच लिहिलेलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दीपालीच्या घरी गेले. सलीम नको म्हणत होता. आज पोळा, पण त्यांच्या बैलांना रंग नाही, गोंडे नाहीत. दारात पोलीस शिपाई खुर्ची टाकून. वडिलांनी मला बघितलं आणि मान फिरवली. मग फिरून आले. "बाहेरची बाई तुम्ही. तुम्हाला रोटातलं काय कळतं? आमच्या पोरीच्या हातून आमचं घर भिंतीला टांगलंत." खरंच होतं.

दीपाली आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. पाठीवर, दंडांवर वळ, काही फुटलेले. बैलाच्या दोराने, ओल्या. उजव्या हाताची बोटं सुजून वांग्यासारखी झालीत. त्याच हाताने लिहिलं म्हणून. तिने मोजले नसतील. मी मोजले. चौदा दिसले तेवढे.

आजी चुलीपाशी. हातावर रोटाचा भाजलेला डाग अजून काळा. मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, आजी, मला माफ करा. ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "मना धाकला पोऱ्या जित्ता शे, उंबरठापाशी शे, आनी मी त्यानी मूठ टाळू का? कानबाई माले इचारत नही का?" मग म्हणाली, "त्यानी खून करा हाई माले मालूम शे. मी काय आंधळी नही."

उठले तेव्हा दीपालीने हळूच विचारलं, "मॅडम, माझं पान आहे ना? फाडलं नाहीत ना?" मी म्हटलं, आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी गोकुळ गेला. सात दिवस तोंडातून एक शब्द नाही, जबडाच उरला नव्हता.

दुपारी प्रेत गावात आणलं तेव्हा दगडफेक. यशच्या घराची कौलं फुटली, त्याच्या आईच्या कपाळाला चार टाके. मग त्यांच्या बाजूच्यांनी दीपालीच्या घरच्या ट्रॅक्टरवर रॉकेल ओतलं. टायर जळल्याचा धूर एरंडोलच्या रस्त्यावरून दिसत होता, असं सलीमला कोणी सांगितलं. एका पणजोबाची पोरं. मी घरात बसून ता. २१ ची टिपणं काढत होते, मग सगळी फाडली.

मोबाईलवर शाळेच्या ग्रुपमधला १५ ऑगस्टचा फोटो मोठा करून पाहिला. भिंत दिसते, दीपालीच्या पानापुढे संस्थेच्या अध्यक्षांचं डोकं आहे. देव त्या डोक्याचं भलं करो. पण आणखी कोणाच्या मोबाईलमध्ये काय आहे, कोण जाणे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

इन्स्पेक्टर आले शाळेत. सभ्य माणूस, पाणी मागून प्यायला. त्यांना कळलंय की भिंतीवर काहीतरी होतं.

त्यांचा हिशेब साधा आहे, त्यांनीच सांगितला. पान मिळालं तर एका दगडात दोन पक्षी. दीपालीच्या घरचे म्हणतात, गोकुळ सापडला त्याच दिवशी आला होता, आम्हाला पत्ता नव्हता. पानावर तीन ऑगस्टला सातवी मूठ आहे, म्हणजे म्हातारीला ठाऊक होतं, म्हणजे फरार आरोपीला आसरा, आजी आणि बाप दोघं आत. आणि दुसरीकडे, ज्याने पंधरा ऑगस्टला ते वाचून काकांना सांगितलं, त्याचंही नाव कटात. "मुलगा अल्पवयीन आहे, तरी नाव जाईलच." यश. सुधारगृह.

हे.स. मधेच म्हणाले, "साहेब, भिंतीवरची पानं रद्दीत जातात." घाम पुसत होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, शोधते.

"सोमवारी अकराला येतो. लेखी जबाबही घेऊ."

ते गेल्यावर हे.स. दार लावून म्हणाले, "जाळून टाका ना ते! तुमच्या नोकरीचा विचार करा." मला हसू आलं. पुढची तासिका कोणती आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. युद्धानंतरचे खटले. मारेकऱ्यांनी स्वतःच नीट सांभाळून ठेवलेल्या कागदांवरूनच ते सापडले, हा मुद्दा ठळक अक्षरांत काढलाय मी.

गोकुळने भिकाभाऊंना मारलं तेव्हा न्याय व्हावा असं मलाही वाटत होतंच की. ज्यांनी गोकुळला मारलं ते सुटावेत असंही नाही. मग सत्तरीच्या म्हातारीने आणि चौदाच्या पोराने काय घोडं मारलंय? तिने पोराची मूठ घातली. याने मी शिकवलेलं केलं.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळची शाळा. यश आला नाही. खिडकीकडचं तिसरं बाकही रिकामं.

शाळा सुटल्यावर वर्ग आवरत होते, तर दारात दीपाली. चोरून आलेली. ओढणीने दंड झाकलेले. बोटांची सूज उतरलीय, दोन नखं काळी.

उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, पोलीस आजीला नेतील का?"

मी फळा पुसत राहिले.

"मी परत लिहून देऊ का? तसंच्या तसं. फक्त सहा लिहीन."

"आणि यश?" माझ्या तोंडून निघून गेलं.

खाली बघत राहिली. मग म्हणाली, "सहा लिहिलं तर त्यालाही काही नाही ना होणार?" मग लगेच, रागाने, "त्याच्यासाठी नाही लिहीत मी."

मला सांगता आलं असतं, बाळ, साधन बदलत नाहीत. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. त्याऐवजी कपाटातून कोरा कागद काढला. त्याच गठ्ठ्यातला, त्याच रेघांचा. ती पहिल्या बाकावर बसली. मी जुनं पान समोर धरलं. हळूहळू लिहिलं, काळ्या नखांनी पेन धरून, प्रत्येक ओळ तपासत. आजीचा हात भाजला तेही, मांजर तेही. "सव्वा मूठ" लिहून थांबली, पेन उचललं, आणि मग "सहा वेळा" लिहिलं. अक्षर डावीकडे थोडं झुकलंय, बोटं दुखत असणार.

शेवटी डोकं वर करून म्हणाली, "तारीख कोणती टाकू?"

मी सांगितली. तीन ऑगस्ट.

जाताना दारातून वळली. "चार वेळा डोळे पुसले तेही लिहिलंय मॅडम. ते खरं होतं म्हणून."

३१ ऑगस्ट, रविवार

घरात कोणी नाही, सलीम पहूरला गाद्या पोचवायला गेलाय. दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी. सकाळपासून बघतेय. अम्मीला फोन केला, विचारलं, त्या दिवशी तू मला तीन मोजून चार म्हणून सांगितलं असतंस तर? ती म्हणाली, काय बोलतेस, जेवलीस का?

सहावाल्या पानात काही कमी नाही. वाक्यं तीच. कोणी घाई नसलेला माणूस वाचेल तर त्यालाही पोरगी दिसेल, आजी दिसेल. सातवा दिसणार नाही. एक माणूस होता, त्याने एकाला तोडलं, त्याला आणखी दोघांनी तोडलं, आणि मधे त्याच्या आईने त्याच्यासाठी गहू घेतले, एवढं सगळं त्या एका मुठीत होतं. ती काढून घेतली की उरतो तो छान सणाचा निबंध. तसले चाळीस निबंध माझ्या कपाटात आहेत.

आणि सातवालं पान दिलं तर उद्या म्हातारी गाडीत बसेल, यशचं नाव जाईल, आणि मी म्हणेन, मी खरं दिलं. कोणाला?

एक गोष्ट आत्ता लक्षात आली. जुन्या पानावर माझा लाल शेरा आहे, सही आहे. भिंतीपुढे उभं राहून तो कितीतरी जणांनी वाचला. नव्या पानावर शेरा नाही. साहेबांना विना शेऱ्याचं पान दिलं तर पहिली शंका तिथेच येईल. तो शेरा दीपाली लिहू शकत नाही. तो माझ्याच अक्षरात हवा.

लाल पेन काढलंय. टोपण बाजूला ठेवलंय. उद्या साडेनऊची एसटी.